पाचवं माणूस

कापसाच्या हंगामात आमच्या फाट्यावर सकाळी बराच वेळ काही दिसत नाही. पैनगंगेवरून धुकं उठतं, शेतं ओलांडून येतं आणि रस्त्यावर बसकण मारतं. आधी बसचा आवाज येतो, बऱ्याच वेळानं बस येते. आदिलाबादच्या मार्केटकडे जाणाऱ्या गाड्यांमधला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून राहतो आणि धुकं आणि कापूस यांतलं काय कुठे संपतं ते कळत नाही. अशा वेळी बाभळीपाशी कोणी बाई काही वेचताना दिसली, की शटर वर सारता सारता माझा हात थांबतो. ती कौसामाय नसते. कौसामायला जाऊन एक हिवाळा झाला.

फाट्यावर माझं औषधांचं दुकान आहे. कौसामायनं त्यातून कधी साधी डोकेदुखीची गोळी घेतली नाही, पण रोज सकाळी यायची. मला ती डाक्टर म्हणायची. मी फक्त औषधं विकतो, हे मी तिला पुष्कळदा सांगितलं, तिला ते मान्य नव्हतं. बाभळीचा वेचलेला कापूस ओच्यात असायचा. हा कापूस कोणाचाच नाही, असं तिचं म्हणणं. पायरीवर बसून त्याच्या वाती वळायची आणि रात्रीचं स्वप्न सांगायची.

तिच्या स्वप्नात बहुतेक वेळा गावची शाळा असायची. "डाक्टर, रातच्याला आपली शाळा नदीतून चालली होती, पान्यावरून. लेकरं खिडकीतून हात हालवून राह्यली होती."

"मग?"

"मंग मी इचारलं, मास्तर कुठी हाये? त कोनी बोललंच नाई."

खरोखरीच्या शाळेतही हेच चाललं होतं. आमची गावं तेलंगणात, घरातली बोली मराठी, म्हणून गावात मराठी माध्यमाची शाळा. जुने गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेवर कोणी आलंच नाही. मधूनमधून एक तेलुगू मास्तर पाठवायचे. माणूस भला होता. तो मुलांकडे बघायचा, मुलं त्याच्याकडे बघायची, दुपारपर्यंत सगळे मिळून कबड्डी खेळायचे. शाळा बंद करून हायवेवरच्या शाळेत मिसळणार अशी बोलवा होती. हायवेवर मुलगे गेले असते, पोरी कोणी पाठवल्या नसत्या. कौसामायची नात मुक्ता दुसरीत होती. आदल्या वर्षी पाटी वाचून दाखवणारी ती पोर आता अक्षरांना हात लावून नुसती बसायची. मुक्ताची आई, म्हणजे कौसामायची सून, तिच्यासमोर स्पष्टच म्हणाली होती, शाळा बंद झाली का मुक्ता माझ्यासंगं कापसात येईन. कौसामायला दुसरी कसली पर्वा नव्हती. तिला मुक्ता कापसात जायला नको होती.

म्हणून ती एक दिवस बायकांना घेऊन फाट्यावर येऊन बसली.

तिच्या धरण्याची रीत तिनंच घालून दिलेली होती. रस्त्याची एक बाजू मोकळी सोडायची. घोषणा द्यायच्या नाहीत. "ओरडून घसा बसते, मंग बोलाची वेळ आली का काय बोलान?" आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे येताना घरचं काम घेऊन यायचं. कोणी तुरीच्या शेंगा, कोणी अंबाडीची भाजी, कोणी गोधडीचे तुकडे. रिकाम्या हातानं आलेल्या बाईला ती परत पाठवायची. "हात रिकामा असला का त्याले दगड सापडते," म्हणायची. त्यामुळे आमच्या फाट्यावरचं धरणं लांबून एखाद्या लग्नघरच्या तयारीसारखं दिसायचं. पलीकडच्या मोकळ्या बाजूनं कापसाच्या गाड्या जात, ड्रायव्हर मान बाहेर काढून बघत, पांढरे पुंजके उडत येऊन बायकांच्या केसांवर बसत.

पहिल्या खेपेला पोलीस ठाण्याचे तेव्हाचे साहेब आले. त्यांना मराठी येत नव्हतं, बायकांना तेलुगू. मला दुकानातून बोलावणं आलं आणि तेव्हापासून मी दुभाषी झालो, तो झालोच. साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय? कौसामाय म्हणाली, "वाती वळून राह्यली." साहेब म्हणाले, रस्त्यावर बसणं गुन्हा आहे. "रस्ता तर तो काय, चालू हाये. आमी कडंला बसलो. वाती वळनं कोन्त्या कलमात बसते, इचारा बरं त्याईले."

मी विचारलं. साहेब जाड अंगाचे होते, हसले की सगळे हलायचे. त्यांच्या शिपायांपैकी एकाची सासुरवाडी किनवटकडची. तो केव्हा खाली बसून शेंगा सोलायला लागला ते कोणालाच कळलं नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, शिक्षण खात्यात फोन केला, आणि आठवड्यातून दोन दिवस का होईना, एक मराठी मास्तर येऊ लागला. मुक्ता पुन्हा वाचायला लागली, तीही आठवड्यातून दोनच दिवस.

मास्तर दोन दिवसांवरून एका दिवसावर आला तेव्हा पोरं चिडली. संदीप म्हणून एक होता, आदिलाबादला डिग्री करणारा, चांगला वाचणारा, तापट. त्यानं आणि मित्रांनी पंक्चरवाल्याकडून ट्रकचं जुनं टायर घरंगळत आणलं. रॉकेलची बाटली बरोबर होती. कौसामाय उठली, चालत गेली आणि त्या टायरवर जाऊन बसली. ओच्यातला कापूस काढून वाती वळायला लागली.

"उठ ना माय," संदीप म्हणाला.

"काऊन? बसाले बरं हाये. पाटापेक्षा बरं."

"आमाले जाळाचं हाये ते."

"जाळ. मी इथंच हावो."

दुपारभर ती टायरवरून उठली नाही. भाकरीही तिथेच खाल्ली. पोरं आधी रागावली, मग हसायला लागली, मग एकेक करून निघून गेली. संदीप तेवढा थांबला. निघताना तो जे बोलला ते मी दुकानातून ऐकलं. तो म्हणाला, "माय, तू कोनालेच तरास होऊ देत नाई ना, म्हनून तुयं कोनी आयकत नाई. अर्धा रस्ता सोडते तू. त्या सोडलेल्या अर्ध्यातून सरकार निघून जाते."

त्यानंतर किती तरी सकाळी ती पायरीवर बसून नुसत्याच वाती वळायची, स्वप्न सांगायची नाही. एकदा मात्र म्हणाली, "डाक्टर, सपनात मी रस्त्याच्या मधात बसली होती. गाड्या माह्या अंगातून जात होत्या. लागत नव्हतं काई."

मग जुने साहेब बदलून गेले आणि नवे आले. तरुण, सडपातळ, पुस्तकातले नियम पाठ असलेले. उद्धट नव्हते, हे सांगायला हवं. कौसामायला अम्मा म्हणूनच हाक मारायचे. पण त्यांना शेंगा सोलणारे शिपाई चालत नव्हते. धरणं करायचं तर आधी अर्ज द्या, परवानगी घ्या, आणि तीही जिल्ह्याच्या गावी नेमून दिलेल्या मैदानात. फाट्यावर बसायचंच असेल तर, म्हणून त्यांनी रस्त्यापासून चांगलं दूर, बाभळींच्या मागे, चुन्याची एक रेघ मारून घेतली. रेघेच्या मागे बसा. कौसामायनं बायकांना रेघेच्या मागे नेलं. तिथून रस्ता दिसत नव्हता आणि रस्त्यावरून बायका दिसत नव्हत्या. त्या हंगामात धुकंही इतकं असायचं, की समोर धरणं चालू आहे हे मला केवळ बांगड्यांच्या आवाजावरून कळायचं. मास्तरचा तो एक दिवसही याच काळात बंद झाला.

असं असताना एक मोठे मंत्री आमच्या रस्त्यानं जाणार असं ठरलं. आमच्याकडे अशा वेळी पोलीस 'मुंदस्तू' करतात. कोणी काही करण्याआधीच जे करतील असं वाटतं त्यांना उचलून ठाण्यात आणून बसवायचं आणि साहेब लोक गेले की सोडून द्यायचं. पुढाऱ्यांना त्याची सवय असते, ते अंघोळ करून जीपची वाट बघत बसतात. कौसामायला कोणी कधी पुढारी समजलं नव्हतं. जीप तिच्या दारात थांबली तेव्हा ती मुक्ताची वेणी घालत होती. अर्धी वेणी तशीच टाकून तिला जावं लागलं.

मला नेहमीसारखं दुभाषी म्हणून बोलावलं. ठाण्यात ती बाकावर बसली होती. नियम असा, की आत बसवलेल्या माणसाजवळ काही ठेवायचं नाही. त्यांनी तिची पिशवी घेतली, पिशवीत कापूस होता. मी तिला एवढ्या वर्षांत रिकाम्या हातानं बसलेलं पाहिलं नव्हतं. बोटं आपोआप हलत होती, मांडीवर नसलेला कापूस वळत होती. साहेबांना मी म्हणालो, कापूस तेवढा द्या तिला, कापसानं काय होणार? ते म्हणाले, एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं. बाकावर दुसरं कोणीच नव्हतं. मला त्या माणसाचा फार राग आला.

तेवढ्यात त्यांच्या फोनवर बातमी आली. फाट्यावर बायका बसल्या होत्या. चुन्याच्या रेघेमागे नाही, कडेला नाही. आख्ख्या रस्त्यावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आणि त्यांच्या हातात काही नव्हतं.

साहेबांनी कौसामायला जीपमध्ये घातलं, मलाही. वाटेत ते सारखं एकच सांगत होते: अम्माला सांगा, त्यांना उठायला सांग. गाड्यांचा ताफा निघालाय. नाही उठल्या तर मला लाठी चालवावी लागेल, आणि मला ती चालवायची नाही. माणूस घाबरलेला होता. मी ते शब्दाला शब्द तिला सांगितलं.

धुकं अजून उठलं नव्हतं. जीपचे दिवे लागले तेव्हा पुढचा रस्ता लुगड्यांनी भरलेला दिसला. बायकांचे हात मांडीवर उताणे होते. मधोमध मुक्ताची आई बसली होती, जी कधी धरण्याला आली नव्हती. तिच्या कुशीत अर्ध्या वेणीची मुक्ता. कडेला संदीप आणि पोरं उभी होती. कौसामाय उतरली आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत सगळ्यांकडे पाहिलं.

"अम्मा, सांगा," साहेब म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "त्याईले सांगा, म्या बसा म्हनलं असतं त उठा म्हनलं असतं. म्या बसा म्हनलंच नाई." मग म्हणाली, "मास्तर येते का, इचारा."

ते माझ्या हातात नाही, असं साहेब म्हणाले. खरंच नव्हतं. मी सांगितल्यावर तिनं मान हलवली, पदर खोचला, चालत जाऊन बायकांमध्ये बसली. जिथे ती इतके दिवस गाड्यांसाठी जागा सोडायची, नेमकी तिथे जागा होती.

ताफा आला, थांबला. पुढच्या गाडीची काच खाली झाली, आतल्या माणसानं काहीतरी विचारलं, कोणीतरी वाकून उत्तर दिलं, काच वर गेली. मग महिला शिपायांनी बायकांना एकेक करून उचललं. बायका उचलू देत होत्या. ओढाताणीत बांगड्या फुटल्या, एकीचा हात मुरगळला, संदीपच्या पाठीवर दोन लाठ्या बसल्या. कौसामायला दोघींनी उचललं तेव्हा तिचं वजनच लागलं नाही म्हणे. त्यातली एक शिपाईण नंतर बाम घ्यायला दुकानात आली होती, तिनं सांगितलं. एवढं सगळं व्हायला चहा निवेल एवढाही वेळ लागला नसेल.

आणि थोड्याच दिवसांत मराठी शिक्षिकेची ऑर्डर निघाली. पूर्ण वेळ.

गाव आनंदलं. संदीप पाठीवरचे वळ दाखवत फिरला. मी कौसामायला म्हणालो, जिंकलीस. ती पायरीवर बसून होती. "कायचं जितली? एवढे दिस अर्धा रस्ता सोडला, त कोनी इचारलं नाई. एक दिस पुरा धरला, त मास्तरीन आली. पोट्ट्यायले सरकारनं वंगाळ शिकोलं, डाक्टर."

इकडे पोलिसांनी तिला बाइंडओवर केलं. म्हणजे तहसीलदारापुढे उभं करून वर्षभर शांततेनं वागण्याचा मुचलका लिहून घेतला. कुठल्याही जमावात सामील होणार नाही, असं त्यात होतं. मी वाचून तेलुगूतून मराठीत सांगितलं. तिनं विचारलं, "जमाव म्हंजे किती?"

"पाच," साहेब म्हणाले. "पाच किंवा जास्त."

तिनं अंगठा दिला.

असा मुचलका देऊन माणसं त्याच संध्याकाळी सभेला जातात. साहेबांनाही तेच अपेक्षित होतं. पण कौसामायच्या लेखी अंगठा दिला म्हणजे शब्द दिला. तिनं तो पाळायला घेतला. शेअर ऑटोत दहा जण कोंबलेले असत, म्हणून ऑटो सोडला. पाण्याच्या टाकीवर ती भर उन्हात जायची, तेव्हा तिथे कोणी नसे. पुतण्याच्या लग्नाला गेली नाही. जेवण घरी पाठवावं लागलं. बायका तिच्याकडे बसायला जात, त्याही तीन-तीन. तिला धरून चार. पुढची आली की आधीची एक उठायची, आणि उठलेली माझ्या दुकानात येऊन बसायची. सुरुवातीला सगळ्यांनी तिची थट्टा केली, मीही केली. पुढे थट्टा करावीशी वाटेना. ती सगळ्यांपासून थोडी थोडी लांब चालली होती, आणि इतक्या हळूहळू, की अमुक एका दिवशी गेली असं म्हणता येत नव्हतं.

एकदा ती मला घेऊन ठाण्यात गेली. साहेबांना म्हणाली, "सपनात लय मानसं येते. मुचलक्यात सपन धरते का?"

मी ते तेलुगूत सांगितलं. साहेब हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, अम्मा, तो कागद बंदोबस्तासाठी असतो, तू हवं तिथे जा, लग्नाला जा, बाजारात जा. ती म्हणाली, "लिहून द्या." साहेब टेबलाकडे बघत राहिले. तोंडी सांगणं त्यांना जमत होतं, लिहून देणं त्यांच्या हातात नव्हतं. तिला बाहेरपर्यंत सोडायला आले तेव्हा तिच्याकडे न बघता मला हिंदीत म्हणाले, "इनको समझाओ ना भाई."

ऑर्डर निघाली, तरी शिक्षिका प्रत्यक्ष आली ती ऐन हिवाळ्यात. मुचलक्याचं वर्ष अजून सरायचं होतं. आदिलाबादहून सकाळच्या बसनं उतरली, खांद्याला पिशवी, कानाला स्कार्फ. तिला शाळा दाखवायला मी गेलो. गावातले बरेच लोक शाळेत जमले होते. कोणी नारळ आणला होता, कोणी फुलं. कौसामाय मैदानाबाहेर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभी होती. धुक्यात तिचं लुगडं तेवढं दिसत होतं.

मी तिच्याजवळ गेलो. "चल ना आत. मुक्ता वाट बघून राहिली."

"आतमंदी किती जन हायेत?"

"माणसं थोडीच आहेत," मी खोटं बोललो. "बाकी सगळी लेकरं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, खरोखर विचारावं तसं विचारलं, "लेकरं मानसात धरत नाई का?"

हळूहळू आतली मंडळी पांगली, बाई वर्गात गेल्या, दार लोटलं गेलं. मग ती रस्ता ओलांडून मैदानात आली आणि वर्गाच्या मागच्या खिडकीशी, आतून दिसणार नाही अशा बेतानं भिंतीला टेकून उभी राहिली. मी थोड्या अंतरावर थांबलो. आत बाई एकेक अक्षर म्हणत होत्या, मुलं मागून म्हणत होती. त्यात मुक्ताचा आवाज मला ओळखता आला नाही. कौसामायला आला असावा, कारण तिनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मुक्ताची आई आली, भिंतीशी तिच्याजवळ उभी राहिली. मग शेजारची एक आली. संदीप आला, तो लांबच उभा राहिला, पण राहिला. कौसामायनं डोळे उघडले. सुनेकडे पाहिलं, शेजारणीकडे पाहिलं, संदीपकडे, मग माझ्याकडे. ओठ हलले तिचे, मोजत होती. मग तिनं पदर सावरला, भिंतीपासून सुटली आणि आम्हां चौघांना तिथे ठेवून शेताच्या वाटेनं निघून गेली.